भेदरलेलं गावठी पिल्लू घरी आणताना

मिरी आमच्याकडे आली तेव्हा साधारण पाच महिन्यांची होती. काळीभोर, छातीवर एक पांढरा ठिपका, शेपूट पोटाखाली घट्ट दाबलेली. बांधकामाच्या साइटवर, सिमेंटच्या पायपात तिचा जन्म झालेला. तिथल्या रखवालदाराखेरीज कुणी माणूस तिच्या फार जवळ गेला नव्हता. पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, गुळगुळीत फरशी, सगळंच तिला नवं होतं. ती सरळ वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली आणि दोन दिवस आम्ही समोर असताना बाहेर आली नाही.

आज ती चार वर्षांची आहे. मधल्या काळात बरीच पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत माझ्याकडे राहून आपापल्या घरी गेली. असं तात्पुरतं सांभाळणाऱ्याला फॉस्टर म्हणतात. त्यांना नेणाऱ्या मंडळींना मी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आणण्याआधी

नुसता फोटो बघून पिल्लू ठरवू नका. ते जिथे ठेवलंय तिथे किमान दोनदा जा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. पहिल्या भेटीत गप्प बसलेलं पिल्लू शांत स्वभावाचं असेल किंवा भीतीने थिजलेलं असेल, आणि हा फरक एका भेटीत कळत नाही. फॉस्टरला नेमकं विचारा: कुठे सापडलं, आई दिसली होती का, ती माणसांजवळ येत होती का, आई-भावंडांपासून कितव्या आठवड्यात वेगळं झालं, काय खातं, शी कशी होते. "घाबरतं का?" असं मोघम विचारलं की "नाही हो, एकदम गोड आहे" असंच उत्तर मिळतं. त्याऐवजी झाडू उचलल्यावर काय करतं, पुरुष घरात आले की कुठे जातं, गाडीच्या आवाजाला काय करतं, असं विचारा. भावंडांपासून आठ आठवड्यांच्या आत तुटलेल्या पिल्लाला चावण्याचा जोर किती ठेवायचा हे बरेचदा ठाऊक नसतं. ते खेळता खेळता भावंडांनीच शिकवायचं असतं.

वयाचा अंदाज दातांवरून येतो. पुढचे बारके दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात बदलतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के ४२ दात आलेले असतात. पिल्लू थोडं मोठं असेल आणि त्याच्या कानाला खाच असेल, तर त्याची नसबंदी झालेली आहे असं समजा. ही खाच त्यासाठीच करतात.

घरात कोण पहाटे उठणार, पिल्लाने सोफा फाडला तर कोण चिडणार, गावाला जाताना कोण सांभाळणार, हे आधी बोलून घ्या. गावठी कुत्रा १२ ते १५ वर्षं सहज जगतो. लहानपणी सगळ्यांच्या पायात घोटाळणारं गावठी पिल्लू वर्षाचं होता होता आपल्या हद्दीबद्दल फार जागरूक होतं आणि दारावरच्या माणसावर भुंकतं. हा त्याचा स्वभाव आहे. पिल्लू बिघडलं म्हणून तसं होत नाही.

सामान थोडकंच लागतं: दोन वाडगे, एक जुनी चादर, चघळायची दोन खेळणी, अंगाला नीट बसणारा हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), गळ्यातला पट्टा आणि त्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला. बिल्ला पिल्लू गाडीत बसायच्या आधीच गळ्यात असू द्या. नवीन पिल्लं हरवतात ती बहुतेक पहिल्या काही दिवसांत, गाडीतून उतरताना, गेटवर किंवा दार उघडं राहिलं म्हणून. घाबरलेलं पिल्लू मागे मागे सरकत हार्नेसमधून अंग सोडवून घेतं. म्हणून पहिले दोन महिने मी दोन दोऱ्या लावते, एक हार्नेसला आणि एक पट्ट्याला. बाल्कनीच्या गजांमधून पिल्लाचं डोकं जात असेल तर जाळी आधी बसवा, पिल्लू मग आणा.

पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी आंघोळ नको. शेजारी, मावशी, मुलांचे मित्र यांनाही बोलावू नका. घरातला एक कोपरा त्याचा ठरवा आणि तिथे चादर, पाणी ठेवून द्या. पलंगाखाली शिरलं तर ओढून काढू नका. लपायला जागा आहे म्हटल्यावरच पिल्लू बाहेर येऊन बघायचं धाडस करतं.

मिरीच्या वेळी मी वॉशिंग मशीनपासून चार फुटांवर तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे. हातात पेपर, शेजारी उकडलेल्या चिकनच्या बारीक तुकड्यांची वाटी. दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक तुकडा न बघता मागे टाकायचा. तुकडा उचलल्याचा आवाज यायला पहिल्या दिवशी खूप वेळ लागायचा. दुसऱ्या रात्री अडीच वाजता माझ्या कोपराला काहीतरी ओलं, गार लागलं. तिचं नाक होतं. मी मान वळवली नाही. पेपरचं पान हातात तसंच धरून बसून राहिले. तिने कोपर हुंगलं, मग पाठ, मग केस, आणि परत मशीनमागे गेली. तेव्हा मी हात पुढे केला असता तर आणखी आठवडा गेला असता.

टक लावून बघणं, वाकून डोक्यावर हात ठेवणं, उचलून छातीशी धरणं यात आपल्याला माया वाटते, पण घाबरलेल्या पिल्लाला तो धोका वाटतो. तिरकं बसा, हात खाली ठेवा, त्याला येऊ द्या. आलं तर हनुवटीखाली किंवा छातीवर दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. त्याने परत अंग पुढे केलं तर पुन्हा करा.

कुत्रे सांभाळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे: तीन दिवस धास्ती ओसरायला, तीन आठवडे घराची घडी समजायला, तीन महिने आपलं घर वाटायला. हे वेळापत्रक नव्हे. मिरीने माझ्या नवऱ्याकडे बघून शेपूट हलवली ती पाचव्या महिन्यात.

खाणं पहिला आठवडा फॉस्टरकडे होतं तेच ठेवा आणि नंतर सात-आठ दिवसांत हळूहळू बदला. आपल्याकडे दूध-पोळीवर पिल्लू वाढवायची पद्धत आहे. दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात आणि नुसत्या पोळीतून वाढत्या हाडांना लागतं ते मिळत नाही. पिल्लांसाठीचं तयार खाणं सोयीचं. घरचंच द्यायचं असेल तर भात, चिकन, अंडं, भोपळा यांचं प्रमाण आणि कॅल्शियम डॉक्टरांकडून ठरवून घ्या. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम अजिबात नको. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने कुत्रा दगावू शकतो.

डॉक्टर

घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत पशुवैद्याला दाखवून आणा. रस्त्यावरच्या पिल्लाच्या पोटात जंत असतात असंच धरून चाला. जंतांचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा देतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधा. गोचीडतापात पिल्लू मलूल होतं, खात नाही, हिरड्या फिकट पडतात. अशा वेळी रक्ततपासणी लांबवू नका.

पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि १६ आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा दिली जाते. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. पार्व्होचं नाव ऐकून घाबरायलाच हवं. उलट्या, दुर्गंधी येणारे रक्ताचे जुलाब, पाणीही न ठरणं असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी यांनी फरशी पुसावी लागते.

लसी न झालेल्या पिल्लाचा दात लागला किंवा ओरखड्यातून रक्त आलं, तर साबण आणि वाहतं पाणी घेऊन १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी स्वतःला माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. "एवढंसं तर पिल्लू आहे" असं म्हणून सोडून देऊ नका.

शी-शू

पिल्लाला आधी दर दोन तासांनी बाहेर न्या. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तर लगेच. एकच जागा ठेवा, गप्प उभे राहा, काम झालं की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरी येऊन दिलेला खाऊ त्याला लिफ्टमधून वर आल्याचं बक्षीस वाटतो. घरात झालं तर पुसून टाका आणि पुढच्या वेळी लवकर न्या. नाक घासणं, चप्पल दाखवणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की या माणसासमोर शू केली की मार बसतो. मग ते रस्त्यावर तुमच्यासमोर करत नाही आणि घरी येऊन सोफ्यामागे करतं. पुसायला वास पूर्ण घालवणारं, एन्झाइमचं क्लीनर वापरा. वास राहिला की तीच जागा पक्की होते.

जगाशी ओळख

सोशलायझेशन या शब्दाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोकांना वाटतं, पिल्लाला गर्दीत न्यायचं, दहा जणांच्या हाती द्यायचं, डॉग पार्कात सोडायचं, की झालं सोशल. धीट पिल्लाचं यात निभावून जातं. भेदरलेलं पिल्लू अशाने कायमचं बिथरतं.

तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टींसाठी उघडं असतं. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते त्याच्या जगात सामावतं. १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लं माणसांपासून लांब वाढवून वेगवेगळ्या वयांत माणसाळवून पाहिली होती. १४ आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही ती पुढेही माणसाला बुजतच राहिली. तुमचं पिल्लू पाच-सहा महिन्यांचं असेल तर तो काळ सरलेला आहे. पण निराश होऊ नका. रस्त्यावरच्या पिल्लाने माणसं, गाड्या, आवाज थोडेफार तरी पाहिलेले असतात. फक्त आता ते आपोआप शिकणार नाही, तुम्हाला घासाघासाने शिकवावं लागेल.

पद्धत साधी आहे. भीतीची वस्तू इतकी लांब ठेवायची की पिल्लू तिच्याकडे बघतं पण अंग सैल राहतं. वस्तू दिसली की खाऊ सुरू, वस्तू गेली की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्कूटर दिसली पाहिजे, मग चिकन आलं पाहिजे. उलटं केलंत, म्हणजे आधी चिकन दाखवून त्याला स्कूटरकडे ओढलंत, तर काही दिवसांनी ते चिकन बघूनच पळायला लागेल.

अंतर बरोबर आहे का हे पिल्लूच सांगतं. उगाच जांभई देणं, ओठ चाटणं, कान मागे पाडणं, एक पाय उचलून थिजणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या भीतीच्या खुणा आहेत. सगळ्यात सोपी खूण खाऊची. एरवी चिकनवर तुटून पडणारं पिल्लू तोंड फिरवत असेल, तर तुम्ही फार जवळ आला आहात. दहा पावलं मागे जा.

मिरीला लिफ्टची दहशत होती. सरकतं दार, आतला आरसा, पायाखाली हलणारी जमीन. सोसायटीतल्या एकांनी सांगितलं, "उचलून आत ठेवा, दोन दिवसांत सवय होईल." मी तसं एकदा केलं. तिने लिफ्टमध्ये शू केली आणि नंतर तीन दिवस घराच्या दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. मग आम्ही जिन्याने जायला लागलो, आणि रोज दुपारी वर्दळ नसताना लिफ्टपासून दहा फुटांवर बसायचं. दार उघडलं की चिकन, बंद झालं की काही नाही. चौथ्या दिवशी दाराच्या आवाजासरशी ती माझ्या हाताकडे बघायला लागली. मग सहा फूट, मग तीन. मग उंबऱ्यावर पुढचे दोन पाय, तेवढ्यावर घरी परत. मग चारही पाय आत, दार मुलाने धरून ठेवलेलं. एकोणिसाव्या दिवशी आम्ही एक मजला खाली गेलो. दार उघडल्यावर ती बाहेर पडली, अंग झाडलं आणि परत वळून लिफ्टकडे बघत उभी राहिली. खाऊ अजून यायचा होता.

हीच रीत बाकी सगळ्याला लावायची: हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रेनकोट, काठी टेकत येणारे आजोबा, भंगारवाल्याची आरोळी, कचऱ्याच्या गाडीचं गाणं, धावणारी मुलं. एका दिवशी एकच गोष्ट, पाच ते दहा मिनिटं. त्यानंतर घरी येऊन झोप, कारण अशा शिकण्याने पिल्लू थकतं. पाहुण्यांना सांगून ठेवा: बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही, लांब खाऊ टाकायचा. लोकांना हे विचित्र वाटतं, काहींना रागही येतो. येऊ द्या. त्या क्षणी पिल्लाच्या बाजूने बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं.

लसी पूर्ण नसलेल्या लहान पिल्लाला, जिथे इतर कुत्रे फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन गेटपाशी उभे राहा, गाडीच्या खिडकीतून रस्ता दाखवा. त्याच्या वाट्याचे आठवडे मोजकेच आहेत.

इतर कुत्र्यांशी ओळख करून द्यायची तर एका वेळी एकच, लसी झालेला, वयाने मोठा आणि शांत कुत्रा निवडा. दोघांना समोरासमोर उभं न करता एकाच दिशेने, मध्ये अंतर ठेवून चालवा. रस्त्यावरच्या टोळीत पिल्लू सोडून "आपसांत शिकतील" म्हणू नका.

शिकवण

आधी नाव शिकवा. नाव घेतलं, पिल्लाने बघितलं, खाऊ दिला, एवढंच. नाव घेऊन रागावू नका, नाहीतर नावाचीच धास्ती बसते. मग "ये" शिकवा, आधी घरात, मग जिन्यात, मग लांब दोरी लावून मोकळ्या जागेत. "ये" म्हटल्यावर आलेल्या पिल्लाला आंघोळीला नेऊ नका, औषध पाजू नका, ओरडू नका. उशिरा आलं तरी शाबासकीच द्या. एके दिवशी पट्टा हातातून सुटेल, तेव्हा हाच एक शब्द उपयोगी पडेल.

चावण्याचा त्रास चौथ्या ते सहाव्या महिन्यात, दात येताना, सर्वांत जास्त होतो. ओला करून फ्रीजरमध्ये गोठवलेला फडक्याचा पीळ तुमच्या देखत चघळायला द्या, हिरड्यांना बरं वाटतं. दात हाताला लागले की हात ढिला सोडा, खेळ थांबवा, अर्धा मिनिट उठून जा. तोंड दाबून धरणं, उलथं पाडून "मालक कोण" ते दाखवणं, असले सल्ले अजूनही मिळतात. भेदरलेल्या पिल्लावर ते केलंत तर ते गुरगुरणं सोडून देईल आणि पुढे इशारा न देता चावेल. गुरगुरणं बंद पाडू नका. तेवढ्यानेच ते तुम्हाला "थांबा" असं सांगू शकतं.

एकटं राहायची सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावा. दाराबाहेर अर्धा मिनिट जाऊन या, मग दोन मिनिटं, मग दहा. महिनाभर रजा घेऊन चोवीस तास सोबत राहायचं आणि मग एका सोमवारी एकदम नऊ तास ऑफिसला जायचं, असं झालं की शेजाऱ्यांचे फोन येतात.

सहा महिने ते सव्वा वर्ष या वयात पिल्लू पुन्हा बुजरं होऊ शकतं. काल सरळ चालत गेलं त्या कचऱ्याच्या डब्याला आज अडतं. तुमचं काही चुकलेलं नसतं. पुन्हा लांबून सुरुवात करा. नसबंदीचं योग्य वय याच सुमारास डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सोसायटी आणि सण

महापालिकेचा श्वानपरवाना काढा, रेबीजचं कार्ड फाइलमध्ये ठेवा, शी उचलायला पिशवी कायम खिशात असू द्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. हा कागद जवळ ठेवा, पण पहिल्याच भेटीत समोर धरू नका. शेजारच्या काकूंना कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्यांच्या फिरण्याची वेळ टाळून जा. त्यांची भीतीही पिल्लाच्या भीतीइतकीच खरी आहे.

गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके यांची तयारी दोन महिने आधी सुरू करा. फोनवर तसा आवाज ऐकू येईल न येईल इतका लहान लावायचा आणि जेवण वाढायचं. पिल्लू निवांत जेवलं तरच काही दिवसांनी किंचित वाढवायचा. प्रत्यक्ष सणात खिडक्या-पडदे बंद, पंखा सुरू, आतली खोली, आणि बाहेरची फेरी अंधार पडायच्या आत, दोन दोऱ्यांसह. पिल्लू जवळ आलं तर घ्या कुशीत. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही.

अडलं तर

दोन-तीन महिने मन लावून केलं तरी पिल्लू खात नसेल, सतत थरथरत असेल, किंवा घरातल्या कुणावर पुन्हा पुन्हा धावून जात असेल, तर वर्तनाचं ज्ञान असलेल्या पशुवैद्याला दाखवा. दुखणं हेही चिडचिडीचं कारण असतं आणि काही पिल्लांना भीतीवर औषध लागतं. प्रशिक्षक निवडताना त्याला एकच विचारा, "पिल्लाने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता?" उत्तरात झटका, काटेरी पट्टा किंवा मार आला तर नमस्कार करून बाहेर पडा.

आणि कधी कधी सगळं करूनही जमत नाही. घरात तान्हं बाळ येतं, कुणी गंभीर आजारी पडतं, पिल्लाला हवं ते त्या घरात देता येत नाही. तसं झालं तर वेळेत फॉस्टरला फोन करा. आम्ही रागावत नाही, दुसरं घर शोधतो. पिल्लू जिथून आलं तिथे नेऊन मात्र सोडू नका. चार महिने तुमच्या घरात झोपलेल्या पिल्लाला त्या गल्लीतले कुत्रे आता आपलं मानत नाहीत.

मिरीचा भाऊ असाच सोडला गेला. आम्ही तीन दिवस शोधलं. सापडला तेव्हा तो त्याच साइटच्या गेटबाहेर, रस्ता ओलांडून, बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला होता. आत जायची हिंमत नव्हती आणि परतीची वाट ठाऊक नव्हती. मी तिरकी होऊन चार फुटांवर बसले आणि चिकनची वाटी काढली.